कॉफी रंगाचं भांडं

नव्या फ्लॅटच्या पांढऱ्याशुभ्र कमोडात लाल दिसलं, तेव्हा सोमेशच्या मनात आधी काय यावं, तर माल खराब निघाला. धंदाच तसा. लक्ष्मीपुरीत टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान, वडिलांनी, अप्पांनी घातलेलं. कॉलेज सुटल्यापासून तो तिथंच. भांड्यावरची बारीक रेघ, कडेचा टवका, ग्लेझमधलं टाचणीएवढं भोक बघून बघून नजर अशी झालेली की लग्नाच्या कार्यालयात गेला तरी आधी बेसिन बघायचा. म्हणून वाकून बघितलं. रेघ नव्हती, टवका नव्हता. पाण्यात काहीतरी हळूहळू सुटत होतं आणि ते त्याचंच होतं. त्यानं घाईघाईनं पाणी सोडलं. गेलं सगळं, पण कडेला थोडं राहिलं. आता टाकी भरेपर्यंत थांबणं आलं. टाकी भरायला वेळ लागतो, ताई, मशीन हाय, नदी न्हवं, असं गिऱ्हाइकांना हसत हसत सांगणारा सोमेश त्या टाकीसमोर हात बांधून उभा राहिला. पाण्याची चिरकी धार आत पडत राहिली. भरल्यावर त्यानं परत सोडलं, आणि भांडं असं लख्ख झालं की शोरूममध्ये मांडावं. बाहेर आला तर बायको, विद्याश्री, चहाचा कप घेऊन दारातच. ‘‘दोनदा सोडलासा व्हय पाणी? मीटरचं हाय हे. गल्लीतला नळ न्हवं.’’ सोमेशनं कप घेतला. भिंती पातळ आहेत, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं.

बरं, हे सुरू कधी झालं? चहा पिता पिता हा प्रश्न आला आणि ठाण मांडून बसला. आजच झालं म्हणावं तर आजच दिसलं, एवढंच खरं. राजारामपुरीत राहायला येऊन चार दिवस झालेले, पण जुन्या सवयीनं तो खाली न बघताच पाणी सोडायचा. घरभरणीचं तोरण अजून ताजं होतं. त्याआधीचा सगळा जन्म शनिवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि तिथला संडास मागच्या बोळात. झिरोचा बल्ब, तोही कुणीतरी काढून न्यायचं. सिमेंट घासून घासून काळं पडलेलं भांडं. तिथं बघायला कोण बसतंय? नाक दाबायचं, डोळं मिटायचं, बादली ओतायची आणि बाहेर पडून मोकळा श्वास घ्यायचा. चौतीस वर्षांत सोमेशनं स्वतःच्या पोटातून काय बाहेर पडतं ते एकदाही बघितलेलं नव्हतं. कशाला बघायचं? बघायची गोष्ट आहे का ती? म्हणजे हे वर्षभर चालू असेल, दोन वर्षंही असेल, आणि आपल्याला पत्ता नाही. चहा निवत गेला. मग उगाचच अप्पा आठवले. अप्पा संडासला जाताना दोन बादल्या न्यायचे. गल्लीतले सगळे एक न्यायचे, अप्पा दोन. ‘‘शिवानंदअप्पा लई सोवळं!’’ म्हणून बायका तोंडाला पदर लावायच्या, आणि अप्पाही हसायचे. शेवटच्या वर्षी तर ते अर्धा अर्धा तास आत बसायचे. बाहेर रांग लागायची, दारावर थापा पडायच्या. मग त्र्याण्णव साली त्यांना कावीळ झाली आणि ते गेले. सत्तेचाळीस वय. सोमेशनं कप खाली ठेवला. अप्पांच्या बादल्यांचा इथं काय संबंध, असं त्यानं स्वतःलाच खडसावलं.

चार दिवस रोज दिसलं. पाचव्या दिवशी तो गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडं गेला. ह्या डॉक्टरांनी त्याला गोवराची पुडी दिलेली, लग्नाला आहेर केलेला. त्यांच्यापुढं हे बोलायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटली. ‘‘संडासातनं जरा लाल...’’ एवढ्यावरच डॉक्टरांनी ओळखलं. ‘‘मटण खातोस चोरून?’’ ‘‘न्हाय हो, आमच्यात अंडंसुदिक न्हाय.’’ ‘‘दारू? बिडी?’’ ‘‘सुपारीबी न्हाय.’’ ‘‘वय काय झालं रे तुझं?’’ ‘‘चौतीस.’’ डॉक्टर मनापासून हसले. ‘‘मग तुला काय धाड भरलीय? दिवसभर गल्ल्यावर बसायचं, दुपारी ढाराढूर झोपायचं. मूळव्याध हाय. अर्धं कोल्हापूर त्यावरच बसलंय.’’ त्यांनी मलम दिलं, ताक प्यायला सांगितलं. सोमेश दारापर्यंत गेला, तेव्हा मागून म्हणाले, ‘‘पंधरा दिवसांत थांबलं न्हाय तर एकदा दुर्बिणीतनं बघून घेऊ.’’ ‘‘कुठनं?’’ सोमेशनं विचारलं. बाकावरचे दोन पेशंट फिसकन हसले. ‘‘जिथनं दुखतंय तिथनंच की रे.’’ सोमेशचे कान तापले. रस्त्यावर येऊन स्कूटरला किक मारताना त्यानं ठरवून टाकलं की थांबणार. थांबायलाच पाहिजे. पंधरा दिवस म्हणजे काय थोडे झाले?

मलम खिडकीत राहिलं आणि आईच्या, गंगव्वाच्या, हाताला लागलं. अव्वाला वाचता येत नव्हतं, पण असल्या ट्यूब गल्लीभर बघितलेल्या. तिनं घर डोक्यावर घेतलं नाही. उलट तिचा चेहरा उजळला, कारण तिला कारण सापडलं होतं. ‘‘मी म्हटलंतं न्हवं? त्या खुर्चीवर बसून का कुटं पोट साफ हुतंय? पाय भुईला टेकाय नगंत? घर बदललं की दुखणं आलं. घर न्हाय बाधलं, ते बाधलंय.’’ तिनं संडासकडं बोट दाखवलं. पहिल्या दिवसापासून तिचा त्या कमोडवर राग होता. ती त्यावर बसायचीच नाही. वर चढून उकिडवी बसायची आणि विद्याश्री देवाचा धावा करत बाहेर उभी राहायची. धाकटा भाऊ मृत्युंजय नाश्ता करत होता. एकोणतीस वर्षांचा, दुकानाचं फिरतीचं काम त्याच्याकडं. तो म्हणाला, ‘‘अव्वा, आपण जे लोकास्नी इकतोय, तेच आपल्या घरात नगं म्हणतीस? गिऱ्हाइकानं ऐकलं तर दुकान बंद करावं लागंल.’’ सगळे हसले. सोमेशही हसला. पण त्या हसण्यात त्याला किती बरं वाटलं! म्हणजे दोष भांड्याचा होता तर. त्याच्या पोटाचा नव्हता. भांडं काय, काढता येतं. ह्या धंद्यात तो दुसरं करतच काय होता? आठवड्यात तीन कमोड बदलून द्यायचा. एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. मन कसं असतं बघा, बुडतं तेव्हा बादलीच्या कडीलासुद्धा होडी म्हणतं.

पिराजी प्लंबरला बोलावलं. पिराजी दुकानाचा कायमचा माणूस, तोंडात तंबाखू, बोलणं मोठ्यानं. त्यानं कमोड उचकटताना सांगितलं, ‘‘आवं, ह्या इंग्लिश भांड्यानं लोकं कुथून कुथून मेल्यात. माझंच बघा की, सासऱ्याच्यात दोन दिवस बसलो ह्याच्यावर, रगातच पडलं.’’ ‘‘मग?’’ सोमेशनं घाईनं विचारलं. ‘‘मग काय? गावाकडं आलो, शेतात बसलो, खडखडीत बरा.’’ सोमेशला पिराजीला मिठी मारावीशी वाटली. इंडियन भांडं आणायला तो स्वतःच गोडाऊनमध्ये गेला. पांढऱ्या भांड्यांच्या रांगाच्या रांगा रचलेल्या. जो येतो तो पांढरंच नेतो. इंडियन घ्यायचं म्हणजे पांढरं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. सोमेश त्या पांढऱ्या रांगेपुढून चालत गेला. थांबला नाही. शेवटाला, पोती आणि भुस्सा यांच्यामागं, अठ्ठ्याण्णव साली आलेलं एक कॉफी रंगाचं भांडं पडलेलं होतं. गडद, जवळजवळ काळं. कुणी घेत नव्हतं. बायका म्हणायच्या, शी, हे कसलं, घाण आधीच लागल्यागत दिसतंय. त्यानं ते पुसलं, बोटानं कड तपासली. पडून असलेला माल खपला, घरचंच काम झालं, असं तो मनाशी म्हणाला. खरंच म्हणाला. आणि मनाच्या तळाशी दुसरं कुणीतरी चूप बसून होतं, त्याच्याकडं त्यानं बघितलं नाही. पिराजीनं भांडं सिमेंटात बसवलं, लेव्हल लावली, वरून पाण्याची बादली ओतली आणि खूश होऊन म्हणाला, ‘‘शेठ, ह्यात कायबी दिसायचं न्हाय बघा.’’ ‘‘बरंय की,’’ सोमेश म्हणाला, ‘‘धुवायला सोपं.’’

आणि थांबलंच की! दिसायचं थांबलं. पंधरावा दिवस आला तेव्हा अव्वानं विचारलं, ‘‘थांबलं न्हवं?’’ ‘‘थांबलं,’’ तो म्हणाला. हे खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. गडद रंगावर पाणी पडायचं आणि गडदच दिसायचं. तो एकदाच पाणी सोडायचा. विद्याश्रीनंही एक दिवस म्हटलं, ‘‘आता कसं, बिलबी कमी आलं.’’ दिवस गेले. दिवाळीत खप चांगला झाला. सोमेश बारीक होत चालला, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना त्याचं कौतुक. ‘‘रंकाळ्याला पळायला जातोस काय रे?’’ मित्र पोटावर थाप मारून विचारायचे. ‘‘फ्लॅट मानवला बघ!’’ तोही म्हणायचा, व्हय, सोडलंय गोडधोड. खरं म्हणजे जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागायचं. कुणी वरून आलं तर खिशातली किल्ली शोधल्यासारखं करायचा. दुपारी दुकानात गिऱ्हाईक बोलत असायचं, आणि त्याला त्याचे ओठ हलताना दिसायचे, शब्द लांबून यायचे. पाच वर्षांची लेक सौंदर्या रात्री त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. एकदा तिनं कान लावला आणि म्हणाली, ‘‘पप्पा, तुमच्या पोटात कोण बोलतंय?’’ विद्याश्री हसली. सोमेशनं तिचं डोकं हळूच उशीवर सरकवलं. दुर्बीण, असा एक शब्द मधूनच यायचा, दिवाबत्तीच्या वेळी, हळद लावलेली लग्नपत्रिका हातात घेताना, कुणाच्या बारशाला पंगतीत बसलेला असताना. यायचा आणि त्याच्यासोबत बाकावरच्या त्या दोघांचं फिसकन हसणं यायचं. मग तो शब्द परत जायचा. लाज ही गोष्ट मरणापेक्षा जवळची असते. मरण अजून लांब कुठंतरी असतं, आणि लाज इथं बाकावरच बसलेली असते.

वर्ष उलटलं आणि एक दिवस पोट बंदच झालं. दोन दिवस वारा नाही, की काही नाही. नगाऱ्यासारखं टणक. ओकारी. मृत्युंजयनं जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं, त्यांनी लगेच पोट उघडलं. शुद्धीवर आला तेव्हा डाव्या बाजूला पोटाला एक पिशवी चिकटवलेली होती. ह्यातनंच व्हायचं आता, असं नर्स म्हणाली, जणू रस्ता वळवलाय. सर्जन तरुण होता, सोमेशच्याच वयाचा. त्यानं खुर्ची ओढली. ‘‘मोठ्या आतड्याच्या शेवटाला गाठ आहे. कॅन्सरची. यकृतात गेलीय.’’ सोमेशनं ऐकलं. पहिली भावना काय, तर आता अव्वाला कसं सांगायचं. ‘‘रक्त जात होतं का आधी?’’ ‘‘माहीत न्हाय.’’ ‘‘माहीत न्हाय म्हणजे? कधी बघितलं नाही?’’ सोमेशला हसू आलं. टाके ताणले, कळ डोळ्यात आली, तरी हसू थांबेना. ‘‘भांडं कॉफी रंगाचं हाय डॉक्टर,’’ तो म्हणाला, ‘‘मीच निवडलंतं.’’ डॉक्टरला काही कळलं नाही. गुंगीत बोलतोय असं वाटलं असावं. ‘‘वर्षापूर्वी आला असता तर गोष्ट वेगळी होती,’’ तो म्हणाला, आणि बहुतेक त्यालाच ते वाक्य नको वाटलं, कारण लगेच पुढं बोलला. ‘‘तरुण माणसाला हे होत नाही असं सगळ्यांना वाटतं. आम्हा डॉक्टरांनासुद्धा. घरात आणि कुणाला होतं?’’ ‘‘न्हाय. वडील काविळीनं गेले.’’ ‘‘कावीळ कशानं झाली?’’ सोमेशचं हसू विरलं. हा प्रश्न दहा वर्षांत कुणीच विचारला नव्हता. कावीळ म्हणजे कावीळ. तिला आणखी मागं कुणीतरी असतं, हे कुणाला सुचणार? दोन बादल्या आठवल्या. डोळे मिटले तर अंधाऱ्या बोळातनं अप्पा येत होते, दोन्ही हातांत बादल्या. पाणी हिंदकळत होतं आणि ते हसत होते. ‘‘भाऊ आहे ना तुम्हाला?’’ डॉक्टर म्हणत होता. ‘‘त्याची दुर्बीण करून घ्या. त्रास असो नसो. ह्याच महिन्यात.’’

पण ते करून कोण घेणार? घरी आल्यावर सोमेशनं सांगितलं, तर मृत्युंजय म्हणाला, ‘‘अण्णा, मला काय झालंय? रेड्यागत हाय मी.’’ आणि अव्वा पदर आवळून पुढं आली. ‘‘निपाणीचं स्थळ ठरत आलंय. पोरगीवाल्यास्नी कळलं ह्याला असल्या दवाखान्यात नेलंतं, तर ते उंबरा तरी चढतील का? एकाचं झालं ते झालं. दुसऱ्याचं नाव काढू नगंस, शिवा शिवा.’’ सोमेश तिच्याकडं बघत राहिला. तिच्या डोळ्यात राग नव्हता, नुसती भीती होती, आणि ती त्याच्या ओळखीची होती. हीच भीती घेऊन तो गोडाऊनमधल्या पांढऱ्या रांगेपुढून चालत गेला होता. आता त्याचा संडासशी संबंध संपलेला. पलंग मधल्या खोलीत, भिंतीला लावून, आणि भिंतीपलीकडं संडास. बसता येत नव्हतं. खाली आत सारखा निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. कुशीवर पडून राहायचं. सकाळी विद्याश्री त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग सोडून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायची. पूजा बसून करायची असते. तो पडूनच करायचा. तेव्हा अप्पांचा शेवटचा दिवस आठवायचा. अप्पांना मांडी घालून बसवलेलं, तळहातात लिंग दिलेलं, आणि तसंच बसल्या अंगानं खड्ड्यात उतरवलेलं. आमच्या लिंगायतांत आडवं ठेवत नाहीत, बसवतात. मग मलाही बसवतील. एरवी दोन मिनिटं बसता येत नाही तो मी तिथं कायमचा बसेन, असा विचार आला की त्याला घाम फुटायचा. भीती वाटायची. फार भीती वाटायची. मग तो हळूच भिंतीला हात लावायचा. भिंत गार असायची.

एका सकाळी त्यानं हट्ट धरला. पिराजीला बोलवा. ते भांडं काढा, पांढरं बसवा. ‘‘आजारी माणसाच्या घरात ठोकाठोकी?’’ अव्वा म्हणाली. विद्याश्रीही वैतागली. ‘‘तुम्हाला लागतंय कुटं आता ते?’’ बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला. सोमेश म्हणाला, ‘‘मला न्हाय लागत. म्हणूनच म्हणतोय.’’ एवढं बोलून दम लागला. मृत्युंजय दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. अण्णाचा शेवटचा हट्ट, मोडायचा कसा, एवढंच त्याला कळलं असणार. पिराजी आला, छिन्नीचे घाव भिंतीतून सोमेशच्या पाठीत उतरत राहिले. तुकडे पोत्यात भरून नेताना पिराजी दारात थांबला. काहीतरी विनोद करायचा म्हणून तोंड उघडलं, आणि पलंगावरच्या माणसाकडं बघून तसंच मिटलं. ‘‘बरं वाटंल शेठ,’’ तो म्हणाला. त्याच्या हातातलं पोतं खळखळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना घर अजून अर्धं झोपेत होतं. अव्वा स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवत होती, पिन मारल्याचा आवाज आला. मृत्युंजय संडासात गेला, कडी लागली. सोमेश भिंतीकडं तोंड करून पडलेला. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग पाणी सुटलं. आता कडी निघेल, असं तो मनात म्हणाला. निघाली नाही. टाकीत बारीक धार पडू लागली. ही धार त्याला पाठ होती. टाकी भरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आत कोण कशाला उभा राहील? माणूस उभा राहतो ते भांड्यात काही उरलं असेल तरच. सोमेशनं कोपरावर अंग उचललं. ‘‘मृत्युंजय,’’ त्यानं हाक मारली. हाक खाटेखालीच विरली. त्यानं मूठ वळून भिंतीवर आपटली. पाणी सोडू नगंस. थांब. बघ. नीट बघ त्याच्याकडं. पलीकडं धार बारीक होत होत थांबली. भरली टाकी. क्षणभर इतकं सामसूम झालं की त्याला आशा वाटली. मग पाणी दुसऱ्यांदा सुटलं.

कडी निघाली. मृत्युंजय ओला चेहरा टॉवेलनं पुसत बाहेर आला. फार वेळ पुसत राहिला. ‘‘हाक मारलीसा अण्णा? पाणी देऊ?’’ ‘‘हितं बस,’’ सोमेश म्हणाला. ‘‘दुकान उघडायचं हाय.’’ ‘‘बस म्हणतो न्हवं.’’ मृत्युंजय पलंगाच्या कडेला टेकला. सोमेशनं त्याचं मनगट धरलं. एवढा रेड्यासारखा गडी, पण मनगट थंडगार होतं. स्वयंपाकघरात स्टोव्ह भुरभुरत होता, अव्वा निपाणीवाल्यांसाठी शेंगा भाजत होती. ‘‘कवापासनं?’’ सोमेशनं विचारलं.

मृत्युंजयनं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. ‘‘काय कवापासनं?’’ तो म्हणाला, पण इतक्या हळू, की आतल्या अव्वाला ऐकू जाऊ नये.